बोंड गळतंय म्हणून जीए मारू नका

प्रश्न (मखमलाबाद): घरामागे पंधरा-वीस गुलाब आहेत. मार्चमध्ये दोन जातींचा संकर करून पाहिला. दहा फुलं बांधली, तीन आठवड्यांत सगळी बोंडं (फुलामागे धरणारी बियांची फळं) पिवळी पडून गळाली. दुकानदार म्हणतो, जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक) आणि सोबत टॉनिक मारा. प्रमाण किती घ्यावं?

प्रमाण शून्य. ताई, तुमचं औषध चुकलेलं नाही, तारीख चुकली आहे. गुलाबाचं बोंड पिकायला साडेतीन-चार महिने लागतात. मार्चचा संकर म्हणजे ते बोंड एप्रिल-मेच्या उन्हात पोसायचं. नाशिकच्या उन्हात ते टिकत नाही. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू असते तेव्हाच गुलाब छाटा. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिला बहर येतो. त्यावरच संकर करा आणि डिसेंबरअखेर उरका. निफाडकडे पारा फार उतरला असेल तर दोन-चार दिवस थांबा, गारठ्यात परागकोश उघडत नाहीत.

आता जीएचं. आपल्या जिल्ह्यात द्राक्ष आहे म्हणून प्रत्येक दुकानात जीए आहे, आणि दुकानात आहे म्हणून ते प्रत्येक झाडाला सांगितलं जातं. द्राक्षात ते मण्यांच्या फुगवणीसाठी असतं, तेही पीपीएम (लिटरला किती मिलिग्रॅम) मोजून. गुलाबाच्या बोंडात आपल्याला बी हवंय, फुगवण नको. दिंडोरीकडच्या एका घरी मी पाहिलंय. चाळीस फुलं मेहनतीने बांधलेली. दुकानदाराने दहा लिटरला एक ग्रॅम जीए सांगितलं, म्हणजे शंभर पीपीएम, वर १९:१९:१९ हे विद्राव्य खत आणि एक टॉनिक, सगळं एकाच पंपात. आठवड्यात बोंडांचे देठ काळे. दुकानदाराचं म्हणणं, डोस कमी पडला!

संकर केलेल्या फुलावर दहा दिवस काहीही मारायचं नाही. बुरशीनाशक नाही, गंधक नाही, थ्रिप्सचं (फुलकिड्यांचं) औषधही नाही. थ्रिप्स असतील तर कळी लहान असतानाच बंदोबस्त करा. शेजारी द्राक्षबागेत ब्लोअर (फवारणी यंत्र) चालू असेल तर त्या दिवशी झाडावर गोणपाट टाका.

पद्धत तुम्हाला माहीत आहे, पण वेळ सगळेच चुकवतात. कळी अशी हवी की हिरवी निदलं खाली वळलीत, रंग दिसतोय, पण पाकळ्यांनी एकमेकींना सोडलेलं नाही. फूल उमललं की उशीर झाला, त्याने स्वतःचेच पराग घेतलेले असतात. संध्याकाळी पाकळ्या खुडा, भुवयांच्या चिमट्याने पुंकेसर एक न एक काढा, कागदी पिशवी चढवा. प्लॅस्टिकची नको, आत घाम धरतो आणि कुक्षी (फुलाच्या मधलं पराग घेणारं टोक) सडते. बापझाडाचे (ज्याचे पराग घ्यायचे त्या झाडाचे) परागकोश त्याच दिवशी कागदावर सावलीत पसरा. दुसऱ्या दिवशी ते फुटून हळदीसारखी पूड सुटते. ती काडीपेटीत भरा. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान कुक्षीला बोट लावून बघा. चिकट लागली की पराग लावा, दुसऱ्या सकाळी पुन्हा एकदा लावा.

माझा आग्रह मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि ती कुणी करत नाही. आई, म्हणजे ज्या झाडावर बी धरायचं ते झाड, आधी पारखा. पावसाळ्यानंतर वाळलेली फुलं खुडू नका, तशीच राहू द्या. ज्या झाडावर आपोआप बोंड धरतं आणि फोडल्यावर आत टणक बी निघतं, तेच झाड आई. फूल कितीही देखणं असो, जे झाड बोंडच धरत नाही ते बाप म्हणून वापरून बघा. गावठी किंवा रानगुलाब जोडताना लक्षात ठेवा, बहुतेक हायब्रीड टी (बागेतल्या मोठ्या फुलांच्या) जातींत गुणसूत्रं २८, रानगुलाबांपैकी बऱ्याच जातींत १४. त्यांची संतती बहुधा वांझ निघते. आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, आई आधी, बाप नंतर, खाली तारीख. पेनाची शाई पहिल्या पाण्यात जाते.

प्रश्न (ओझर): बी निघालं, कुंडीत पेरलं, दोन महिने झाले तरी उगवण नाही.

दादा, गुलाबाच्या बियाला थंडी लागते. बोंड केशरी झालं की काढा, बी धुऊन सावलीत सुकवा आणि डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. ऑगस्टच्या मध्यावर ते ओल्या टिश्यूत गुंडाळून पुन्हा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, सहा ते आठ आठवडे. बर्फाच्या कप्प्यात नाही! ऑक्टोबरमध्ये कोकोपीट-वाळूत पेरा, ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. सगळं बी उगवत नाही, ते धरूनच चाला. रोप उगवलं की सहा-आठ आठवड्यांत पहिलं फूल येतं, बारकं, कधी पाचच पाकळ्यांचं. त्यावरून रोप उपटू नका. आणि रोपाला युरिया दाखवूसुद्धा नका. आवडलं तर डोळा (फांदीवरचा कोंब) काढून खुंटावर (दुसऱ्या गुलाबाच्या मुळावरच्या रोपावर) भरा, मग खरं फूल कळेल.

प्रश्न (आडगाव): जास्वंदीचा असाच संकर होतो का?

होतो, आणि गुलाबाहून लवकर. पण फूल एका दिवसाचं, सगळं त्याच सकाळी उरका. आपली घरोघरची लाल जास्वंद बी क्वचितच धरते, तिच्यावर वेळ घालवू नका. फळ दीड-दोन महिन्यांत तडकून बी उडतं, म्हणून मलमलीची पुरचुंडी बांधा.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): नवी जात निघाली तर नोंदणी होते का? अनुदान आहे का?

नोंदणी २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली होते, शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी शुल्क नाही. जात वेगळी, एकसारखी आणि स्थिर दाखवावी लागते. अनुदान हवं तर हरितगृहासाठी महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या संकेतस्थळावर) अर्ज करा. अंगणातल्या कुंड्यांना काही नाही.

प्रश्न (सातपूर): निळ्या गुलाबाचं हायब्रीड बी दुकानात मिळालं, कधी पेरू?

पेरू नका. गुलाबात निळ्या फुलांचं डेल्फिनिडिन रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने जनुक घालून केलेला गुलाब २००९ मध्ये बाजारात आणला, तोही जांभळटच आहे आणि तो बियाच्या पाकिटात विकत नाहीत. शिवाय बियापासून गुलाबाची जात तशीच येत नाही, एवढ्यासाठी तर आपण डोळे भरतो. पाकीट परत करा, पावती असेल तर.