देव मानला नाही, तर नीतीने वागायचं कशासाठी?

या प्रश्नाशी सर्वांत प्रामाणिकपणे झुंजला तो एकोणिसाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ हेन्री सिजविक, असं माझं मत. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात फेलो (कॉलेजचा पगारी सदस्य) राहायचं तर चर्च ऑफ इंग्लंडची 39 श्रद्धा-कलमं मान्य असावी लागत. ती पटेनात, म्हणून 1869 मध्ये त्याने फेलोशिप सोडली. गुपचूप मान डोलावून पगार खाता आला असता की! (1871 मध्ये कायद्याने ती अटच काढून टाकली.) श्रद्धा डळमळली तरी खोटं बोलायची लाज शाबूत राहते, हे निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं अवघड आहे. 1874 च्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात तो म्हणतो, स्वतःचं हित पाहणं आणि सगळ्यांचं हित पाहणं, दोन्ही बुद्धीला सारखंच पटतं. दोहोंत जुंपली आणि वर देव नसला, तर निवाडा करायचा कोणी? पहिल्या आवृत्तीचा शेवटचा शब्दच ‘अपयश’ या अर्थाचा होता. मला हे जरा टोकाचं वाटतं. अंतिम निवाडा नाही म्हणून शेजाऱ्याला फसवावं की नाही, हे काही अडून राहत नाही. त्याचं मात्र समाधान झालं नाही. 1882 मध्ये तो भुताखेतांच्या हकिकती शास्त्रीय पद्धतीने तपासणाऱ्या संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला. मरणानंतर काही उरतं का, याचा पुरावा हवा होता त्याला; उरत असेल तर चांगल्या वागण्याचं फळ तिथे मिळेल, आणि स्वतःचं हित नि सगळ्यांचं हित यांतलं भांडण मिटेल.