पहिलीच्या मुलांना गणवेश हवाच का?

जून-जुलैत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचा एक ठरलेला प्रश्न असतो. एवढ्याशा मुलांना गणवेश कशाला? त्याने त्यांचं स्वतःचं असं काही दबून जात नाही का? प्रश्न बहुतेक वेळा वडील विचारतात. आई सांगते ती तक्रार वेगळीच असते: सकाळी गणवेश दिसला की पोरगं रडायला लागतं.

वेदच्या घरातही असंच होतं (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वेद सहा वर्षांचा, नुकताच पहिलीत गेलेला. बालवाडीत दोन वर्षं हसत जाणारा हा मुलगा शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणून कोपऱ्यात बसायचा. दोनदा पँट ओली करून घरी आला होता आणि डायरीत ‘स्वच्छतेकडे लक्ष द्यावे’ असा शेरा आला होता. बाबांचं निदान पक्कं होतं, की मुलाला साच्यात घालायला सुरुवात झाली आणि तो त्याविरुद्ध बंड करतोय. आजीला हे अजिबात मान्य नव्हतं. ‘आम्ही नाही का शिकलो गणवेशात? याचे लाड जास्त झालेत,’ असं त्या माझ्यासमोरच म्हणाल्या. आई गप्प होती.

पोटदुखी आणि कपडे ओले होणं अशी तक्रार असली की मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठता नाही ना, हे बघितल्याशिवाय मनाच्या गोष्टी बोलण्यात अर्थ नसतो. संसर्ग नव्हता. शौचाला मात्र कडक होत होती आणि डॉक्टरांनी पाणी वाढवायला सांगितलं होतं. त्यावर आई म्हणाली, ‘पाणी कसं वाढवू? बाटली भरून देते, तशीच भरलेली परत येते.’

पुढच्या भेटीला वेद शाळेतून थेट आला, गणवेशातच. चित्र काढता काढता त्याची चुळबुळ सुरू झाली. शूला जायचंय का विचारलं तर आधी मानेनेच नाही म्हणाला, मग उठून आईसमोर पोट पुढे काढून उभा राहिला. ‘काढ ना.’ आईने सवयीने पट्टा सोडला. मी तिला थांबवलं आणि तो पट्टा बघायला मागितला.

पँट वाढत्या अंगाची घेतलेली होती, म्हणजे पुढच्या वर्षीही चालावी अशी. आपल्याकडे कोण घेत नाही? ती कमरेवर राहत नव्हती, म्हणून शाळेचं चिन्ह असलेला पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे, घरी खिळा तापवून पाडलेल्या जादा भोकात अडकवलेला. बक्कल इतकं घट्ट की मलाच दोन्ही हात लावावे लागले. त्याखाली लोखंडी हुक, त्याखाली चेन, आणि या सगळ्यात आत खोचलेला शर्ट. बालवाडीत हा मुलगा इलॅस्टिकच्या चड्डीत जायचा आणि मदतीला मावशी हजर असायच्या. पहिलीत मुलं मधल्या सुट्टीत रांगेने जातात, मागे चौथीची पोरं घाई करत उभी असतात. तिथे पट्टा सुटत नाही म्हणून कुणाला हाक मारणार?

मग वेदने आपल्यापुरता उपाय शोधला होता: पाणीच प्यायचं नाही. हे त्याने मला सहज सांगितलं, जणू त्यात विशेष काही नाही. ‘प्यायलं की मग येते ना.’

बाबांना मी सांगितलं की बंड वगैरे काही नाही, मुलाला पँट काढता येत नाही. ते जरा खट्टू झाले, पण प्रश्न त्यांनी सोडला नाही: मग गणवेश असावा की नसावा? माझं मत मी स्पष्ट सांगते. असावा, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडी ते पाचवीपर्यंतच्या सहा हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. एकूण पाहता गणवेशाने मुलांच्या वागण्यात फारसा फरक पडलेला त्यांना दिसला नाही. म्हणजे शाळा म्हणते तशी शिस्त त्यातून आपोआप येत नाही. दुसरीकडे, पहिलीतल्या मुलाचं व्यक्तिमत्त्व निळ्या शर्टाने पुसलं गेल्याचं मीही कधी पाहिलेलं नाही. समानतेचं म्हणाल तर ती अर्धीमुर्धी. कुणाचा शर्ट मोठ्या भावाचा उतरलेला आहे हे दुसरीच्या मुलांना बरोबर कळतं. तरी वाढदिवसाच्या रंगीत ड्रेसची जी चर्चा वर्गात होते ती रोज झाली, तर काही घरांना ते झेपणार नाही.

त्या वयात खरा प्रश्न मापाचा आणि सोयीचा असतो. २०२४ मध्ये आपल्या राज्यात ‘एक राज्य, एक गणवेश’ आला. कापड एकत्र घेतलं, शिलाई बचत गटांकडे गेली. कुठे गणवेश उशिरा पोचले, कुठे मापं चुकली, आणि त्याच डिसेंबरात सरकारने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. मंत्रालयातून रंग ठरवता येतो, कंबर नाही.

वेदसाठी आम्ही जे केलं ते अगदी साधं होतं. कोपऱ्यावरच्या टेलरकडून त्याच पँटच्या कमरेत इलॅस्टिक घालून घेतलं, हुक काढून टाकला. आठवडाभर आईने घरी मदत करायची नाही असं ठरलं. आजींनीच त्याला रोज संध्याकाळी ‘कोण आधी’ अशी शर्यत लावून सराव दिला. वर्गशिक्षिकांना मी चिठ्ठी दिली, त्यांनी त्याला मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी सोडायला सुरुवात केली. श्रावण संपायच्या आत पोटदुखी थांबली.

अशा चिठ्ठीत काय लिहावं, हे पालक विचारतात. मुलाची अडचण, डॉक्टरांचा सल्ला आणि हवा तेवढाच बदल, बस. मुलाला त्यावरून परिपाठाला रांगेबाहेर उभं केलं जात असेल, तर मात्र सौम्य भाषा पुरेशी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध आहे, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

वेदच्या बाबांनी पालकसभेत विषय काढायचं ठरवलं. मी सुचवलं, तिथे व्यक्तिस्वातंत्र्यावर बोलू नका, फक्त विचारा की पहिलीतल्या किती मुलांना स्वतःचा पट्टा सोडता येतो. बऱ्याच आयांनी माना डोलावल्या म्हणे. आता त्या शाळेत पहिली-दुसरीला पट्टा नाही. टाय राहिला. पण तो इलॅस्टिकचा असल्याने वेदची काही तक्रार नाही. बाबांची आहे.