शिवलेलं विकायलाच हवं का?

पत्र : माझं वय ४३. उदगीर तालुक्यातल्या एका गावात राहते. मुलगी शिकायला छत्रपती संभाजीनगरला, मुलगा लातूरला. दुपार मोकळी झाली तशी सासूबाईंची जुनी पायमशीन बाहेर काढली. पिशव्या, उशांचे अभ्रे शिवले. पेटीत पडून असलेल्या त्यांच्या दोन इरकली लुगड्यांची वाकळ (गोधडी) लावली. कुकरमध्ये केक करते. फार बरं वाटायचं. पण आमचे हे म्हणतात, ‘एवढं करतीस तर ऑर्डरी घे, चार पैसे सुटतील.’ जाऊबाई ब्लाउजपीस आणून टाकतात, शेजारणी वाढदिवसाचा केक सांगून जातात, सगळं फुकट. सासूबाईंचं दिवसभर ‘उगं चिंध्यांचा पसारा’ चालू असतं. आता मशीनजवळ बसावंसंच वाटेना. मला विकायचं नाही, यात माझं काही चुकतंय का? शिवाय वाकळीवर मशीन टाके सोडते आणि केक मधे बसतो. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) घेऊ का?

उत्तर : ताई, विकायचं नसण्यात काही चुकत नाही. पण पत्रात एका ओळीत उरकलेली गोष्ट मला आधी घ्यायची आहे. लुगडी सासूबाईंची, पेटी त्यांची, मशीनही त्यांची. कात्री लावण्याआधी त्यांना विचारलं होतं का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. त्यांचा राग पसाऱ्यावर निघत असला तरी तो पसाऱ्याचाच आहे, असं मला वाटत नाही. आज संध्याकाळी दोन्ही लुगडी त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, ‘यातलं काय वर दिसू द्यायचं, काय आत घालायचं?’ नको म्हणाल्या तर उरलेलं कापड घडी करून परत पेटीत. हो म्हणाल्या तर कापड लावायला त्यांनाच सोबत घ्या. वाकळ कशी लावायची हे त्या वयाच्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आता ऑर्डरींचं. यजमानांना भावनेनं समजावू नका, हिशेब मांडा. वाकळ ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब धरा. धावदोऱ्याच्या ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर ठेवलं तर १२० ओळी होतात. एक ओळ ७ फूट, म्हणजे एकूण ८४० फूट, अडीचशे मीटरहून जास्त शिवण. इंचाला चार टाके धरले तर चाळीस हजारांच्या वर टाके. गिऱ्हाईक तुमच्या वाकळीची तुलना बाजारातल्या तयार ब्लँकेटशी करणार, या टाक्यांची मजुरी कोण देणार? मग ओळी विरळ होतात, कापड हलकं येतं आणि जे करताना बरं वाटत होतं तेच उरत नाही.

घरात खरंच पैशाची ओढ असेल, सोयाबीनच्या भावानं मार दिलेलं वर्ष असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही वाकळ आणि केक विकायला काढू नका. साडीला फॉल लावणं, पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं ही कामं घ्या. त्यांचा दर ठरलेला असतो, काम एका बैठकीत संपतं आणि पैसे हातात पडतात. (पिकोला वेगळं मशीन लागतं, त्याच्या नादी सध्या लागू नका.) केक नियमित विकायचा तर घरगुती असला तरी अन्न सुरक्षेची नोंदणी करावी लागते, हेही यजमानांच्या कानावर घाला. आणि दोरा, सुया, मैदा यांवर महिन्याला किती खर्च होतो ते वहीत लिहून दाखवा. न दिसणाऱ्या खर्चाची धास्ती जास्त असते.

जाऊबाईंना ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणू नका, दिवाळी येतेच. असं सांगा : ‘रविवारी दुपारी या, अस्तर-दोरा घेऊन या, कापायला मी दाखवते, मशीनवर तुम्ही बसा.’ ज्यांना शिकायचं त्या येतील, बाकीच्या टेलरकडे जातील. केकचंही तेच : सामान त्यांचं, ढवळायला त्याच. दोन-तीन जणी दुखावतील. दुखावू द्या.

टाके का सुटतात

सुई वर यायला लागते तेव्हा तिच्यामागे धाग्याचा एक छोटा फास तयार होतो आणि शटलचं, म्हणजे खाली फिरणाऱ्या भागाचं, टोक तो पकडतं. फास तयारच झाला नाही की टाका सुटतो. वाकळीचे चार-पाच थर सुईला आवळून धरतात, बारीक सुई वाकते, कापड सुईबरोबर वर उचललं जातं, मग फास कुठून येणार?

म्हणून पहिला इलाज सुईचा. साध्या सुती कापडाला १४ नंबर, वाकळीला १६, शिवणीवर शिवण येते तिथे १८. घरगुती मशीनच्या सुईची मान एका बाजूने चपटी असते, कारखान्यातल्या मशीनची गोल. दुकानात ‘सुई द्या’ म्हटलं की कोणतीही हातात पडते, चपटी बाजू बघूनच घ्या. जुनी सुई काढण्याआधी तिची चपटी बाजू कुठे आहे ते पाहा, नवी तशीच बसवा आणि पूर्ण वर सारून स्क्रू आवळा. दोन मिलिमीटर खाली राहिली तरी टाके सुटतात. धागा ओवायचा तो सुईला ज्या बाजूने लांब खाच आहे त्या बाजूने. साधारण आठ तासांच्या शिलाईनंतर सुई बदला, ती धडधाकट दिसली तरी.

टाका थोडा लांब करा, इंचाला सहा-सात पुरेत. जाड शिवण आली की पाय थांबवा आणि चाक हातानं फिरवून तेवढा भाग पार करा. कापड मागून ओढू नका, सुई तिथेच मोडते. जोडावर थर पाचाच्या पुढे गेले की मशीनचा हट्ट सोडा, तेवढं हातानं घाला.

खालच्या बाजूला धाग्याचा गुंता होत असेल तर दोष बहुतेक वेळा बॉबिनचा (खालच्या धाग्याच्या रिळाचा) नसतो, वरच्या धाग्याचा असतो. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय खाली असताना धागा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे धागा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये शिरतच नाही. तो पाय वर करून पुन्हा ओवा आणि शिवायला सुरुवात करताना दोन्ही धाग्यांची टोकं धरून ठेवा. बॉबिन तपासायची असेल तर ती जिच्यात बसते ती डबी बॉबिनच्याच धाग्याला लटकवा : नुसती लटकत राहिली पाहिजे आणि हलका झटका दिला की थोडी खाली आली पाहिजे. सरसर घसरली तर तिचा बारीक स्क्रू किंचित आवळा, पाव फेऱ्याहून जास्त नको.

एवढी वर्षं बंद असलेल्या मशीनच्या शटलखाली सुताचा भुगा आणि काळ्या मातीची धूळ घट्ट बसलेली असणार. ब्रशनं काढा, मग तेल घालायच्या प्रत्येक भोकात मशीन ऑइलचा एकेक थेंब सोडा, धाग्याशिवाय दोन मिनिटं चालवा, नंतर चिंधीवर शिवून तेल टिपून घ्या. खोबरेल घालू नका. आपल्याकडच्या थंडीत ते थिजतं आणि पुढे चिकट होऊन मशीन जड करतं.

वाकळ

इरकलीचा पदर अंगाच्या सुती कापडाला जोडलेला असतो, तो बहुधा रेशमी किंवा रेशमासारख्या धाग्याचा. तो सोडवून वेगळा ठेवा. धुतल्यावर पदर आणि अंग सारखे आटत नाहीत, त्यामुळे एका थरात घातले की वाकळ सुरकुतते. पदराची पट्टी सगळ्यात शेवटी, कडेला, शोभेसाठी. आतल्या थरांना जुनी धोतरं, विरलेल्या सुती साड्या. सिंथेटिक साडी आत घालू नका, ती सरकते आणि घामही टिपत नाही. नवं कापड वापरणार असाल तर आधी भिजवून, वाळवून घ्या.

बऱ्याच जणींच्या वाकळीत मधे फुगा येतो, कारण कडेपासून टाके घालत आत येताना वरचं कापड पुढे ढकललं जातं. आधी सगळे थर फरशीवर ताणून पसरा आणि मधोमधून चारी बाजूंना, चार-पाच इंचांवर कच्चे टाके घाला. मग धावदोरा कुठूनही सुरू करा. पाच थरांच्या पुढे जाऊ नका. ओली वाकळ पिळायची कोणी आणि वाळत टाकायची कोणी, हा विचार आधी करावा.

केक

केक मधे बसतो म्हणजे नेमका कसा, ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून स्वतः ओळखा. मधला भाग चिकट, कच्चा असेल तर वेळ कमी पडली किंवा झाकण लवकर उघडलं. आधी भरपूर फुगून मग खचला, आत मोठी भोकं आहेत आणि चव साबणासारखी आहे, तर सोडा जास्त. मुळातच फुगला नसेल तर बेकिंग पावडर मेलेली : अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली नाही तर फेकून द्या.

सात इंची डब्याचं बिनअंड्याचं माप : मैदा १९० ग्रॅम, घट्ट दही २५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, तेल ११० मिली, बेकिंग पावडर सव्वा चहाचा चमचा, सोडा अर्धा चमचा. सपाट चमचा, शीग नको. दह्यात साखर विरघळवा, पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं थांबा, तेल घाला, मग चाळलेला मैदा दोन वेळा करून मिसळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा, जास्त फेटलं की केक चिवट होतो. मिश्रण लगेच चुलीवर जायला हवं, म्हणून ज्यात डबा ठेवायचा ते पातेलं आधीच तापवून ठेवा. तेल सूर्यफुलाचं घ्या. घाण्यावरच्या करडईच्या तेलाचा वास भाजीत छान लागतो, केकमध्ये नाही. उन्हाळ्यात दही दुपारपर्यंत आंबतं, त्या दिवसांत सकाळचं ताजं वापरा.

ज्वारीचं पीठ घालायचं असेल तर मैद्याच्या एक तृतीयांशपर्यंत, सोबत दोन-तीन चमचे दूध. ज्वारीत चिकटपणा नसल्यानं त्याहून जास्त घातलं की काप भुगा होऊन पडतो. पीठ नुकतं दळलेलं घ्या, साठवलेलं कडवट लागतं.

कुकर मात्र सोडा. पाण्याशिवाय तापवणं त्याला मानवत नाही. जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या, तळाला इंचभर मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. (कुकरच वापरायचा असेल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढूनच.) मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, डबा निम्म्याहून जास्त न भरता आत ठेवा, आच मंद करा. ४० ते ४५ मिनिटं लागतात. पहिल्या तीस मिनिटांत झाकणाला हात लावू नका. वर डोंगर येऊन तडकला तर आच मोठी होती. सुरी कोरडी निघाली की उतरवा आणि दहा मिनिटांनी उपडा करा. ते मीठ पुन्हा केकलाच वापरता येतं.

ओटीजी आत्ताच नको. पातेल्यातला केक चार वेळा सारखा उतरू लागला की घ्या. घ्याल तेव्हा पंचवीस लिटरच्या आसपासचा बघा. १५०० वॅटचा असेल तर तो साडेसहा अँपिअर ओढतो, साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ते जास्त होतं. वायरमनकडून १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या आणि घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर तो चालवू नका. मधेच लाइट गेली तर दार न उघडता वाट बघा. शेवटची आठ-दहा मिनिटं राहिली असतील, तर आतल्या धगीवरच केक होऊन जातो.