शोकघरी पहिल्यांदा वचन वाचायला जाताना

दुःखात असलेल्या कुटुंबाकडे प्रार्थनेला जाताना संदेश तयार करून नेऊ नका. बायबलमधला एकच शास्त्रभाग न्या. चर्चच्या नव्या सेवकाला मी तरी स्तोत्र 13 सुचवेन. सहाच वचनं आहेत. 1-2 मध्ये तक्रार, 3-4 मध्ये विनवणी, 5-6 मध्ये भरवसा. घरी आधी तीनदा मोठ्याने वाचा आणि प्रत्येक भागानंतर थांबा. तिथे वाचताना हाच थांबा महत्त्वाचा, कारण रडू तिथेच फुटतं. फुटू द्या.

बहुतेकांची चूक होते ती पाचव्या वचनाकडे धावण्यात. "किती वेळ" हा प्रश्न या स्तोत्राचा कर्ता दाविदाने चार वेळा विचारला आहे. तो आपण एका दमात उरकला, तर त्या माणसांना वाटतं की देवापुढे तक्रार करणं म्हणजे अविश्वास. तसं मुळीच नाही. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

रोमकरांस 8:28, म्हणजे देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून भल्याच्या ठरतात हे वचन, खरं आहे, पण पहिल्या दिवशी नको. त्या वेळी ते "झालं ते बरंच झालं" असं ऐकू येतं. बायबलमधल्या ईयोबाने मुलंबाळं, सगळं गमावलं, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं. बिघडलं ते कारणं सांगू लागल्यावर.

प्रार्थना तीन-चार वाक्यांची, गेलेल्या व्यक्तीचं नाव घेऊन. निघताना पुढच्या भेटीचा दिवस ठरवा, साधारण महिन्याभराने, कारण तोवर पाहुणे परतलेले असतात.