सुई उचलण्याआधी

पोरी,

तुझं पत्र परवा मिळालं. महाशीर माशाच्या मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊनही तिनं अंडी सोडली नाहीत, तर दुसऱ्या दिवशी डोस वाढवून देऊ का, असं विचारलं आहेस. देऊ नकोस. तिला मोकळ्या पाण्यात सोड आणि या हंगामात पुन्हा हात लावू नकोस.

संप्रेरकानं अंडी तयार होत नाहीत. ती मादी महिनोन्महिने स्वतःच्या अंगात भरत असते. नदीला पहिला लोंढा आला, पाणी गार आणि गढूळ झालं, की मेंदू पीयूष ग्रंथीला इशारा देतो आणि शेवटची पक्वता येते. आपल्या टाकीत लोंढा येत नाही. मेंदूतलं डोपामिन हे रसायन ग्रंथीला दाबून धरतं आणि भरल्या पोटाची मादी तशीच अडकून राहते. तुझ्या हातातल्या ओव्हाप्रिम इंजेक्शनमध्ये दोनच गोष्टी आहेत. एक सॅल्मन माशाच्या संप्रेरकाची नक्कल, ती ग्रंथीला जागं करते. दुसरं डोम्पेरिडोन, ते डोपामिनची पकड सोडवतं. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगूलला पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून रोहूसारख्या कार्प माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, मिळवलं, तेही पावसाळ्यात, पिकलेल्या माद्यांवरच.

नोकरीच्या तिसऱ्या पावसाळ्यात मी एका कच्च्या मादीला टोचलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते, त्यांना अंडी दाखवायची होती. सकाळी पोट दाबलं तर रक्त आलं. संध्याकाळपर्यंत ती गेली. आठ वर्षं सांभाळलेली मादी होती. ती ओंजळभर रक्ताळलेली अंडी अजून डोळ्यांसमोर आहेत, म्हणून तुला इतकं निक्षून सांगतोय.

आधी पातळ नळीनं दहा-वीस अंडी काढून बघत जा. द्रावणात ती पारदर्शक झाली की केंद्रक दिसतं. मधोमध असेल तर थांब, कडेला सरकलं असेल तरच सुई उचल. अंडी काढताना मादीचं पोट, तुझे हात, घमेलं, सगळं कोरडं ठणठणीत हवं. पाण्याचा थेंब लागला की नराच्या दुधातले शुक्राणू धावू लागतात आणि मिनिटभराच्या आत संपतात. आधी दूध अंड्यांवर पसरव, पिसानं हलकेच कालव, मग पाणी.

आणि रोहू-कटल्याची सवय विसर. रोहूची मादी किलोमागे दोन लाखांवर अंडी देते, महाशीरची काही हजारांतच आटोपते. रोहूचं अंडं एका रात्रीत फुटतं, हिचं तीन दिवस घेतं. ते जड असतं, तळाला बसतं, म्हणून उथळ ट्रे आणि सतत वाहतं, हवेशीर पाणी लागतं. पांढरं पडलेलं अंडं लगेच वेचून टाक, नाहीतर बुरशी शेजारच्यांनाही धरते. तीन रात्री झोप नाही असं धरूनच चाल.

आता खरी काळजी सांगतो. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात 1970च्या दशकापासून महाशीरचं बीज तयार होतंय, ते काम मी फार मानतो. पण आपल्या कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातली ही खुद्री जातीची महाशीर, सायक्स या इंग्रज साहेबानं 1839 मध्ये मुळा-मुठेतून वर्णन केलेली, पुढे कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. तिथे मात्र कावेरीचा स्वतःचा कुबडवाला, नारिंगी परांचा महाशीर होता. खुद्री वाढत गेली, तो आटत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी ही कारणं आहेतच, तरी परक्या बिजाचा वाटा अभ्यासकांनी दाखवून दिलाय. त्याला टोर रेमादेवी हे शास्त्रीय नाव पक्कं व्हायला 2018 उजाडलं, आणि तोवर तो अतिसंकटग्रस्त होऊन बसला होता.

म्हणून बोटुकली, म्हणजे बोटभर वाढलेली पिल्लं, मागायला कोणीही आलं, कितीही मोठा माणूस असो, तर आधी विचार, कुठल्या नदीत सोडणार? आपल्या खोऱ्याबाहेरची असेल तर नाही म्हण. मला नाही म्हणता आलं नव्हतं, तुला यायला हवं. दर हंगामात दोन-चार माद्यांचंच बीज वाढवत बसू नकोस, सगळी एकाच आईची लेकरं नदीत नकोत.

महाडजवळ वाळण कोंडीला एकदा जाऊन ये. काळ नदीच्या त्या डोहात गावानं देवीचे म्हणून मासे राखलेत, कोणी गळ टाकत नाही. काठावर तासभर बस, मोकळ्या पाण्यातली मादी कशी दिसते ते नीट बघ. परत आलीस की टाकीतली तुझी मादी तिच्यासारखी दिसते का, ते मला कळव.

तुझा,
काका