ब्रेक ऑइलच्या डबीचा स्लिप झालेला स्क्रू
अरे, बाइकच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाचा स्क्रू स्लिप झालाय ना, मग आता स्टार ड्रायव्हर अजिबात फिरवू नकोस. प्रत्येक फेरीला खाच आणखी झिजते. गंज सोडवणारं तेलही इथे नको. ते ब्रेक ऑइलमध्ये उतरलं तर आतले रबर सील फुगतात.

आधी स्क्रूच्या डोक्यावर सपाट टोकाचा पंच (ठोकायचा लोखंडी दांडा) ठेवून हातोडीने चार-पाच ठोके दे. डबीच्या ॲल्युमिनियममध्ये जाम झालेले आटे बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतात. मग खाचेत नीट बसणारा २ नंबर मापाचा स्टार ड्रायव्हर अंगाचा भार देऊन फिरव.

नाहीच हलला तर ४ मिमीच्या ड्रिल बिटने स्क्रूचं फक्त डोकं उडव. झाकण निघालं की ताण जातो आणि उरलेला दांडा पकडीने, कधी तर नुसत्या बोटांनी सुटतो. खाली ओलं फडकं मात्र हवंच. सांडलेलं ब्रेक ऑइल पेट्रोलच्या टाकीचा रंग खातं.