इतक्यांदा क्षमा मागितली, तरी मन शांत का होत नाही?

"देव क्षमा करतो, हे मी चर्चच्या शब्बाथ शाळेत पोरांना वीस वर्षं शिकवलंय, ताई. पण माझ्यापुरतं ते खरं होत नाही."

शालिनीताई माझ्याकडे समुपदेशनाला पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसून हे म्हणाल्या. मांडीवरची पिशवी त्यांनी तासभर खाली ठेवली नाही. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. लिहायला त्यांची परवानगी आहे.) वय ५९, राहायला पुण्यात वडगाव शेरीला, एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या, आता निवृत्त. लग्न केलेलं नाही. आई त्यांच्याजवळच असायची. ती जाऊन चार वर्षं झाली होती.

क्वार्टर गेटजवळच्या माझ्या खोलीत हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. कॉलेजातली मुलगी विचारते, दारू सोडलेला गृहस्थ विचारतो, रोज पहाटे प्रार्थनेला उठणारी आजीही विचारते. ज्यांना देवाशी देणंघेणं नाही, ते हा प्रश्न घेऊन येत नाहीत. विचारणाऱ्याचा विश्वास कमी आहे, असं मी म्हणूनच कधी धरून चालत नाही.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. त्यांचं पुरतं ऐकून न घेता बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन काढलं, आपण पापं कबूल केली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, हे. मी अर्ध्यात असतानाच त्यांनी पुढचं पाठ म्हणून दाखवलं, अध्याय आणि ओवीसकट. मग माझ्याकडे पाहत गप्प बसल्या. पाठ असलेलं औषध पुन्हा वाचून दाखवून काय होणार?

पुढे त्या स्वतःबद्दल जे सांगत गेल्या, ते ऐकताना मला जड झालं. चार वर्षांत त्यांनी एकदाही प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या मागच्या बाकावर बसायच्या आणि भाकर वाटायची वेळ आली की स्वयंपाकघरात चहाचं बघायला जायच्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण चहा छान व्हायचा. शुक्रवारी पाण्यावर उपास. पुण्याच्या डिसेंबरात पातळ चादरीवर झोपायचं. नाताळला नवं लुगडं नाही. रात्री तीनला जाग यायची आणि मग पहाटेपर्यंत एकच वाक्य, "प्रभू, मला क्षमा कर."

इथे जरा थांबून सांगते. अशी माणसं समोर आली की मी आधी झोप, भूक आणि जिवाचं विचारते. "जगू नये असं वाटतं का?" हे सरळ शब्दांत विचारावं लागतं. आणि तीच ती क्षमा दिवसातून पन्नासदा मागितल्याशिवाय राहवत नसेल, एखादा शब्द चुकला म्हणून प्रार्थना पहिल्यापासून सुरू करावी लागत असेल, तर तो मंत्रचळही (ओसीडी) असू शकतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतो, औषध लागतं, आणि त्यात विश्वासाला कमीपणा कसलाच नाही. रात्री-बेरात्री कुणी जवळ नसेल तर मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. शालिनीताईंना मी डॉक्टरांकडे पाठवलं. झोपेसाठी थोडं औषध सुरू झालं. मंत्रचळ नव्हता.

काय घडलं होतं, ते तिसऱ्या भेटीत कळलं.

आईला घरात सगळे 'बाई' म्हणत. शेवटची तीन वर्षं बाईंना स्मृतिभ्रंश होता. दिवसभर ठीक असायच्या, पण ऊन कलायला लागलं की उठून दार गाठायच्या. "मला घरी जायचंय, गाडी चुकेल." या आजारात संध्याकाळची ही तगमग पुष्कळांना होते, पण शालिनीताईंना ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. एकाच संध्याकाळी तोच प्रश्न चाळीस वेळा. मोठा भाऊ नगरला. मदतीला कुणी ठेवायचं तर पैशांत भागत नव्हतं.

"त्या दिवशी तिनं गॅस चालू ठेवला होता. मी एक थोबाडीत दिली, ताई. आईच्या. मग आत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. ती दार वाजवत होती आणि मी ओट्यापाशी उभी राहून म्हटलं, मर एकदाची."

सतरा दिवसांनी बाई न्यूमोनियाने गेल्या.

मी काही बोलले नाही. अशा वेळी "जाऊ द्या हो, तुम्ही किती केलंत तिचं" असं म्हणण्याचा मोह फार होतो. चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी तेच म्हटलं होतं, अगदी प्रेमाने. "श्रावणबाळासारखं केलंस." शालिनीताई म्हणाल्या, "त्या असं म्हणाल्या की मला अजून खोल गेल्यासारखं वाटायचं." वाटणारच. जे पाप नाकारलं गेलं, त्याची क्षमा होणार कशी?

त्यांना मी एक वही दिली. समोरासमोरची दोन पानं. डावीकडे लिहायचं 'मी केलं', उजवीकडे 'घडलं'. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणली तेव्हा डावं पान गच्च भरलेलं होतं आणि उजवं कोरं. डावीकडे थोबाडीत होती, कडी होती, ते वाक्य होतं. पण त्याच पानावर न्यूमोनियाही होता. बाईंना रात्री धाप लागली तेव्हा आपल्याला जाग आली नाही, हे होतं. भाऊ वेळेवर पोचला नाही, हे होतं. बाईंचा आजारसुद्धा होता, "मी आधी ओळखायला हवा होता" म्हणून.

आम्ही ओळ न् ओळ घेऊन बसलो. तो एक तास मला कायम लक्षात राहील. "न्यूमोनिया तुमच्या थोबाडीतून झाला?" "नाही." "मग हे कुठल्या पानावर?" डॉक्टरांनी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं की या आजाराच्या शेवटी गिळणं बिघडतं, अन्न-पाणी श्वासनलिकेत जातं आणि छातीत संसर्ग होतो. बऱ्याच रुग्णांचा शेवट असाच होतो. त्यांना ते ऐकू आलं होतं, पण आत गेलं नव्हतं. एकेक ओळ उजवीकडे गेली. शेवटी डावीकडे तीनच उरल्या. मारलं. कोंडलं. मर म्हणाले.

त्या तीन ओळींकडे बघून शालिनीताई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या. पिशवी खाली जमिनीवर होती.

मला या प्रश्नाबद्दल जे सांगायचं आहे ते इथेच आहे. चार वर्षं त्या आईला मारून टाकल्याची क्षमा मागत होत्या. ते त्यांनी केलंच नव्हतं. न केलेल्या गोष्टीची क्षमा कितीही मागितली तरी पदरात पडत नाही, कारण ती द्यायला देवाकडेही काही नसतं. आणि त्या मोठ्या, खोट्या आरोपाच्या सावलीत खरी तीन पापं तशीच राहिली होती. त्यांचं नाव घेऊन कबुली कधी झालीच नव्हती. "प्रभू, मला क्षमा कर" यात सगळं येतं आणि म्हणूनच नेमकं काहीच येत नाही.

"तीनच आहेत, पण खरी आहेत," त्या म्हणाल्या. "यांचं प्रायश्चित्त काय?"

प्रायश्चित्त हा शब्द पुण्याला नवा नाही. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा झाला, त्यावरून रानडे-टिळकांसारख्या मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, आलं, आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. शालिनीताईंचं घर तीन पिढ्या ख्रिस्ती, तरी हा शब्द त्यांच्या हाडात होता. फरक इतकाच की त्या जुन्या प्रायश्चित्ताला माप होतं आणि शेवट होता. ताईंनी स्वतःला ठोठावलेल्याला दोन्ही नव्हतं.

मी विचारलं, "येशूने क्रूसावर तुमची शिक्षा सोसली, असं तुम्ही मानता?"

"मानते की."

"पूर्ण सोसली?"

"'पूर्ण झाले आहे' असं तोच म्हणाला ना."

"मग शुक्रवारचा उपास हा कुठल्या कर्जाचा हप्ता आहे?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. मीही मागितलं नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातला, बापाची मालमत्ता उडवून घरी परतणारा उधळा पुत्र त्यांनी मुलांना फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं लावून कितीदा शिकवला होता. मी त्यांना तो फक्त पुन्हा वाचायला लावला, सावकाश. डुकरांत बसलेला मुलगा घरी जाऊन काय बोलायचं ते ठरवतो, मी पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला एका चाकरासारखं ठेवा. घरी पोचल्यावर यातलं किती बोलतो? शालिनीताईंनी बोट ठेवून शोधलं. चाकराचं वाक्य नव्हतंच. बापाने ते येऊच दिलं नाही, त्याआधीच झगा मागवला.

"मी चार वर्षं तेच वाक्य बोलत्येय," त्या हळूच म्हणाल्या. "चहा करत."

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात समेटाविषयी जे आहे, तेही मी त्यांच्यासमोर ठेवलं. तिथे पुढाकार देवाचा आहे. रुसून बसलेल्या देवाला आपण मनवायचं, असं चित्रच तिथे नाही. तोच आपला स्वतःशी समेट करतो आणि वर विनवणीही त्याच्याच बाजूने येते.

प्रभुभोजनाचा मात्र अडसर होता, कारण करिंथकरांनाच लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय त्यांना तोंडपाठ होता. जो अयोग्य रीतीने खातो तो दोषी ठरतो. मी म्हटलं, "त्या मंडळीत काय चाललं होतं तेही तिथेच लिहिलंय, बघा." श्रीमंत आधी पोटभर खात होते आणि गरीब उपाशी राहत होते. ती अयोग्य रीत. आणि पौल म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून मागच्या बाकावर बसावं, असं कुठेच नाही.

हे सगळं पटलं तरी मन लगेच वळलं नाही. वळतंच असं नसतं. शालिनीताईंची आजी पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, म्हणून मी त्यांना रमाबाईंची आठवण दिली. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडातला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि ती भेट व्हायला काही वर्षं गेली. एवढी मोठी विदुषी बाई हे लाज न बाळगता लिहिते, याचा शालिनीताईंना फार आधार वाटला.

मग त्यांनीच विचारलं, "हे मोठ्याने कुणाला तरी सांगायला हवं, नाही का?" याकोबाचं पत्र एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतं. मी म्हटलं, माणूस जपून निवडा. मला वाटलं त्या चर्चच्या पाळकांकडे जातील. त्यांनी भाऊ निवडला. मी जरा कचरले, खरं सांगते. भाऊ चिडला असता, आयुष्यभर बोलून दाखवलं असतं, तर? दोनदा विचारलं. त्या ठाम होत्या. "त्याची पण आई होती ती."

वाकडेवाडीहून नगरची एसटी धरून त्या गेल्या. वहीतलं डावं पान त्यांनी भावाला वाचून दाखवलं. भाऊ बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "शालू, मला माहीत होतं. बाईनं फोनवर सांगितलं होतं, शालू मारती म्हणून. मी म्हटलं, ती भ्रमात बोलती. भ्रमात नाही बोलत, हे मला कळलं होतं. पण खरं मानलं असतं तर तिला इकडं आणावं लागलं असतं."

दोघं भावंडं त्या दिवशी जेवली नाहीत. संध्याकाळी वहिनीने पिठलं-भाकरी वाढली, तेव्हा कुठे उठली. भावाच्या मनातलं अजून पुरतं निवळलेलं नाही. तो माझ्याकडे यायला तयार नाही, आणि शालिनीताई त्याच्यासाठी प्रार्थना करतात.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाचं काम त्यांनी दुसऱ्या एका बाईंवर सोपवलं. त्या पुढे गेल्या, भाकर घेतली, द्राक्षारस घेतला. मी फोनवर विचारलं, काय वाटलं? "काहीच नाही," त्या म्हणाल्या. "घसा कोरडा पडला होता फक्त." मी म्हटलं, ठीक आहे. क्षमा झाली की नाही, हे आपल्याला काय वाटलं त्यावर ठरत नाही.

जानेवारीत त्या शेवटच्या भेटीला आल्या. बाईंच्या हातची गोधडी चार वर्षं पेटीत कुलूप लावून ठेवली होती, ती काढून गच्चीवर ऊन दाखवलं, म्हणाल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून गेलेला नाही. तीच पांघरतात.

"आणि तीन वाजता?"

"जाग येते अजून. उठते, पाणी पिते, झोपते."